उद्यानाचे नाव

लखनौ शहरातील ठिकाणांची नावे ऐकली, की ते शहर बागांचेच असावे असे वाटते. चारबाग, आलमबाग, कैसरबाग, सिकंदरबाग, बादशाहबाग अशी नावे एकामागून एक येतात. तथापि चारबागेत उतरणाऱ्या प्रवाशाला बाग दिसत नाही, भव्य रेल्वे स्थानक दिसते. आलमबाग ही आज दाट वस्ती आहे, बादशाहबागेत विद्यापीठ नांदत आहे आणि कैसरबाग म्हटले की लोकांना कचेरी, बसस्थानक आणि वाहनांची रीघ आठवते. पुण्याच्या तुळशीबागेत तुळस शोधू जाणाऱ्याची जी गत होते, तीच येथेही होते. बाग गेली आणि नाव तेवढे राहिले.

शहराच्या मध्यभागी जी थोडी हिरवी, मोकळी जागा अद्याप उरली आहे, तिच्यापुढील प्रश्न मात्र निराळा आहे. तेथे बाग आहे. तिचे नाव कसे राखावे आणि कसे वाढवावे, हे पाहावयाचे आहे. मराठीत 'नाव' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाटीवर लिहिले जाते ते एक नाव आणि लोकांच्या तोंडी असते ते दुसरे. पहिले नाव शासनाला एका दिवसात देता येते. दुसरे नाव मिळविण्यास वर्षे लागतात आणि ते कोणत्याही ठरावाने मिळत नाही. हजरतगंज आणि कैसरबाग यांच्या सीमेवर असलेल्या बेगम हजरत महल उद्यानाच्या इतिहासावरून ही गोष्ट चांगली समजून घेता येते.

हे उद्यान पूर्वी व्हिक्टोरिया पार्क या नावाने ओळखले जात असे. त्याच्या आसपासची भूमी म्हणजे अवधच्या शेवटच्या पर्वाचे रंगस्थळच होय. शेजारीच नवाब सआदत अली खान आणि त्यांची बेगम खुर्शीदजादी यांचे मकबरे आहेत. थोड्या अंतरावर गोमतीच्या काठी छत्तर मंझिल आहे. नवाब वाजिद अली शाह यांनी १८४८ ते १८५० या काळात उभारलेला कैसरबागेचा प्रासादसमूह याच परिसरात होता. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले आणि नवाबांना कलकत्त्यास जावे लागले. बेगम हजरत महल मात्र लखनौतच राहिल्या. १८५७ च्या जुलै महिन्यात त्यांनी आपला अल्पवयीन पुत्र बिरजिस कद्र यास गादीवर बसविले आणि राज्यकारभाराची व युद्धाची सूत्रे स्वतःकडे घेतली. १८५८ च्या मार्चमध्ये लखनौ पडले. त्यानंतरही काही काळ झुंज देऊन त्या नानासाहेब पेशव्यांप्रमाणेच नेपाळच्या आश्रयास गेल्या. १८७९ मध्ये काठमांडू येथे त्यांचा अंत झाला.

राणी व्हिक्टोरियाचा प्रसिद्ध जाहीरनामा १८५८ च्या नोव्हेंबरात निघाला, तेव्हा त्याला जाहीर उत्तर देणारे प्रतिघोषणापत्र बेगमेच्या दरबारातून निघाले होते. रस्ते बांधणे आणि कालवे खोदणे यांपलीकडे हिंदी माणसाला हे राज्य कोणते काम देऊ करते, असा त्यातील एक बोचरा मुद्दा होता. पुढे घडलेही तसेच. उठावानंतर रॉबर्ट नेपियर या लष्करी अभियंत्याने लखनौची नवी आखणी केली. सैन्याला झपाट्याने हालचाल करता यावी म्हणून जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढण्यात आले आणि त्यांत कैसरबागेचेही भाग पाडले गेले. या पार्श्वभूमीवर १५ ऑगस्ट १९६२ रोजी व्हिक्टोरियाच्या नावाच्या जागी हजरत महल यांचे नाव आले आणि उद्यानात त्यांचे संगमरवरी स्मारक उभे राहिले, यामागील औचित्य सहज ध्यानी येईल. अवधच्या राजघराण्याचे मानचिन्ह कोरलेल्या चार वाटोळ्या पितळी तबकड्या त्या स्मारकावर बसविल्या आहेत.

पाटीवरील नाव अशा रीतीने बदलले आणि ते योग्यच झाले. परंतु लोकांच्या तोंडच्या नावाचे काय? पुढील अनेक वर्षे या उद्यानाची ख्याती होती ती मोठ्या समारंभांचे मैदान म्हणून. दसऱ्याची रामलीला, रावणदहन, लखनौ महोत्सव, राजकीय सभा अशा निमित्तांनी तेथे मोठा समुदाय जमे. या गोष्टींत गैर काही नाही. शहराला मध्यवर्ती सभास्थान हवेच असते. अमीनाबादमधील अमीनुद्दौला पार्क आजही झंडेवाला पार्क म्हणून ओळखला जातो, तो स्वातंत्र्याच्या चळवळीत तेथे राष्ट्रध्वज फडकविला गेला म्हणूनच. सभांमुळे उद्यानाची प्रतिष्ठा वाढते, ती कमी होत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

अडचण येते ती अन्यत्र. दहा दिवसांच्या मोठ्या समारंभासाठी खांब रोवले जातात, मालमोटारी गवतावरून फिरतात, हजारो पावलांनी माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. हिरवळ मरते. ती पुन्हा धरावयास कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर पुढील समारंभाचा मांडव येऊन पडतो. या मधल्या काळात उद्यान समारंभाचेही नसते आणि नागरिकांचेही नसते. धूळ उडते, फाटक अर्धे बंद असते, बाके मोडलेली असतात. अशा जागी रोज येणारा मनुष्य येईनासा होतो. ज्याला कोणाची नजर नको असते तो येऊ लागतो. मग 'तिकडे संध्याकाळनंतर जाऊ नये' असे घरोघर सांगितले जाते. कोणत्याही शहरातील कोणत्याही उद्यानाचे नाव बिघडते ते याच क्रमाने.

येथे मुंबईच्या शिवाजी पार्कचे स्मरण होणे साहजिक आहे. १९२५ मध्ये हे मैदान महापालिकेने सिद्ध केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क असे होते. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील विराट सभा तेथे झाल्या, दसऱ्याचे मेळावे झाले, आणि प्रतिवर्षी ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अभिवादन करण्यासाठी येणारा अफाट जनसागरही तेथे विसावतो. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला, यावरून समारंभांचा ताण तेथेही होता हे उघड आहे. परंतु म्हणून शिवाजी पार्कचे नाव कधी वाईट झाले नाही. याचे कारण मैदानाभोवतीच्या त्या साध्या, सव्वा किलोमीटरला थोड्या कमी भरणाऱ्या कट्ट्यात आहे. पहाटे फेरी मारणारे वृद्ध, दुपारी पुस्तक उघडून बसलेला विद्यार्थी, संध्याकाळी गप्पा छाटणारी मित्रमंडळी आणि मैदानात एकाच वेळी चाललेले क्रिकेटचे डझनभर डाव, यांच्या बळावर ते उभे आहे. सभा संपते, मांडव उठतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची माणसे आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसतात.

यातून निघणारा निष्कर्ष सोपा, परंतु महत्त्वाचा आहे. ज्या उद्यानाचे वर्षातील तीनशे साधे दिवस बळकट असतात, त्याला पन्नास-साठ दिवसांची गर्दी पेलते. ज्याला साधे दिवसच नसतात, ते उद्यान गर्दीच्या दिवसांनी झिजून जाते. म्हणून नाव सुधारावयाचे तर आरंभ साध्या दिवसापासून करावयास हवा.

साधा दिवस बळकट कसा करावा, याचा पद्धतशीर अभ्यास पाश्चात्त्य देशांत झाला आहे. न्यूयॉर्कच्या ऐन मध्यभागी, तेथील सार्वजनिक ग्रंथालयाला लागून ब्रायंट पार्क आहे. १९७० नंतरच्या दशकात ते अमली पदार्थांच्या विक्रीसाठी कुप्रसिद्ध झाले होते. विल्यम व्हाईट या अभ्यासकाने लोक मोकळ्या जागेत कोठे बसतात, कोठे थांबतात आणि कोठून लगबगीने निघून जातात, याचे प्रत्यक्ष निरीक्षण केले होते. त्याच्या मते या पार्कचा दोष त्याच्या रचनेतच होता. ते रस्त्यापेक्षा उंचावर होते आणि त्याच्याभोवती दाट झाडोरा व कठडे होते. रस्त्यावरून आत काय चालले आहे ते दिसत नसे आणि आत गेलेल्याला चटकन बाहेर पडता येत नसे. सुरक्षिततेसाठी घातलेले कुंपणच असुरक्षिततेचे कारण झाले होते. १९८८ मध्ये ते पार्क दुरुस्तीसाठी बंद करण्यात आले आणि १९९२ मध्ये पुन्हा उघडले. प्रवेशमार्ग रुंद केले, झाडोरा काढला, खाद्यपेयांची छोटी दुकाने आली आणि हवी तेथे उचलून नेता येईल अशा हलक्या खुर्च्या ठेवल्या. उन्हात बसावयाचे की सावलीत, एकट्याने की चौघांत, हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढाच त्यामागील विचार होता. आज ते त्या शहरातील अत्यंत गजबजलेल्या उद्यानांपैकी एक आहे. व्हाईटने आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. एखाद्या सार्वजनिक जागेत स्त्रियांचे प्रमाण किती आहे, यावरून त्या जागेची प्रकृती ओळखता येते. स्त्रिया जागा पारखून घेतात. त्या येईनाशा झाल्या, की काही तरी बिघडले आहे असे निश्चित समजावे.

परदेशातील उपाय येथे जसाच्या तसा उचलून चालणार नाही. लखनौचा उन्हाळा कडक असतो आणि पारा प्रसंगी पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. तेथे उन्हातील हिरवळीपेक्षा कडुनिंब, पिंपळ, जांभूळ यांची सावली अधिक मोलाची. उन्हाळ्यात माणसे भल्या पहाटे आणि सूर्यास्तानंतरच बाहेर पडतात. अशा वेळी सूर्यास्ताबरोबर फाटक बंद करणारा नियम म्हणजे उद्यान बंद ठेवण्याचाच नियम होय. उलट पौष-माघातील धुक्याच्या दिवसांत दुपारचे कोवळे ऊन हाच उद्यानाचा खरा ऋतू असतो. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलले पाहिजे, ही गोष्ट क्षुल्लक दिसते, पण वापराचे निम्मे गणित तिच्यावर अवलंबून आहे.

दुसरा विचार करावयाचा तो उद्यानाच्या शेजाराचा. गोमतीनगरच्या बाजूस गेल्या काही दशकांत विस्तीर्ण उद्याने झाली. २०१४ मध्ये खुले झालेले जनेश्वर मिश्र उद्यान तर सुमारे ३७६ एकरांचे आहे. ज्यांच्यापाशी वाहन आणि सवड आहे, ते तेथे जातात. मध्यवर्ती उद्यानाने त्यांच्याशी स्पर्धा करण्याचे कारण नाही. त्याचे वापरकर्ते निराळेच आहेत. कैसरबागेच्या जिल्हा न्यायालयात तारखेसाठी आलेला पक्षकार, बलरामपूर रुग्णालयात आप्ताला दाखल करून बाहेर थांबलेला खेडूत, बस सुटेपर्यंत दोन तास काढावयाचे असलेले कुटुंब, मधल्या सुट्टीत डबा खाणारा कारकून, आणि अमीनाबादच्या दाट गल्ल्यांत राहणारी, अंगणाला पारखी झालेली मुले. मेट्रोमार्गाचा विस्तार २०१९ मध्ये पूर्ण झाल्यापासून के. डी. सिंग बाबू स्टेडियमचे स्थानकही अगदी जवळ आले आहे. या सर्वांना तासभर टेकावयास जागा हवी असते आणि त्यांपैकी कोणीही कारंजे पाहावयास आलेला नसतो.

त्यांच्या गरजा मोजक्या आहेत. पिण्याचे स्वच्छ पाणी, स्त्रियांसाठी निर्धास्तपणे वापरता येईल असे प्रसाधनगृह, सावलीतील बाके, रस्त्यावरून आतले आणि आतून रस्त्यावरचे दिसेल एवढे खुले कुंपण, आणि डोळे न दिपविता सर्वत्र सारखा पडणारा प्रकाश. प्रवेशशुल्काचा मोह येथे आवरला पाहिजे. शुल्क लावले की उपद्रव कमी होतो, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो काही अंशी खराही आहे. पण रुग्णालयाबाहेर बसलेला मनुष्य तिकीट काढून बागेत जात नाही. तो पदपथावरच बसतो. उद्यान स्वच्छ राहते आणि त्याचा हेतू मात्र नाहीसा होतो.

याखेरीज एका माणसाची नितांत आवश्यकता असते, आणि तो म्हणजे माळी. पहारेकरी लोकांकडे संशयाने पाहतो. माळी झाडांकडे पाहता पाहता लोकांनाही ओळखू लागतो. रोज येणारे आजोबा चार दिवस दिसले नाहीत तर तो चौकशी करतो. कोणता दिवा गेला, कोणत्या कोपऱ्यात नको ती मंडळी जमू लागली, हे त्याला वरिष्ठांच्या आधी कळते. ज्या उद्यानाला कायमचा, नावानिशी ओळखला जाणारा माळी आहे, तेथे निम्मी व्यवस्था आपोआप लागते.

लखनौतच याचा एक दाखला आहे. सिकंदरबाग हीदेखील वाजिद अली शाह यांच्या काळातील बाग. १८५७ च्या नोव्हेंबरात तेथे भीषण रणकंदन झाले आणि शेकडो शिपाई एका दिवसात मारले गेले. अशा जागेचे नाव लोक भीतीनेच घ्यावयाचे. पण तेथील वनस्पती उद्यान १९५३ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले. त्या संस्थेला १९७८ पासून राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था हे नाव आहे. दीर्घकाळ सातत्याने राखलेली झाडे आणि पहाटे फिरावयास येणारे नागरिक यांनी त्या भूमीला नवे नाव मिळवून दिले. इतिहास पुसला गेला नाही. त्याच्या शेजारी रोजचे जीवन येऊन बसले.

बेगम हजरत महल उद्यानाच्या परिसरात सांस्कृतिक सामग्रीही थोडी नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये लखनौत जे संगीत महाविद्यालय स्थापन झाले आणि ज्याला श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारखे आचार्य लाभले, ते आज विद्यापीठ होऊन कैसरबागेच्या परीखान्यात नांदत आहे. तेथील विद्यार्थ्यांनी हिवाळ्यातील रविवारी सकाळी ध्वनिवर्धकावाचून, झाडाखाली बसून तासभर गावे, तर त्याला मांडव लागणार नाही आणि खर्चही लागणार नाही. बेगमेची कथा हिंदी आणि उर्दूत, मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत स्मारकापाशी लावली, तर शाळांच्या सहलींना कारण मिळेल. मोठ्या समारंभांनाही मज्जाव नसावा. मात्र त्यांची संख्या वर्षारंभीच ठरावी, दोन समारंभांत हिरवळ सावरण्याइतके अंतर असावे आणि दुरुस्तीची अनामत रक्कम आधी भरून घ्यावी.

या सर्व खटाटोपाची एवढी निकड काय, असे कोणी विचारील. निकड आहे, कारण वापरात नसलेले उद्यान फार काळ उद्यान राहत नाही. प्रथम एका कोपऱ्यात पंपघर येते, मग साहित्य ठेवण्याची खोली, मग वाहनतळ, मग एखादे कार्यालय. ही सारी बांधकामे लोकोपयोगी म्हणूनच होतात, आणि पुष्कळदा ज्यांनी जागा राखावयाची त्यांच्याच हातून होतात. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? कायदे आहेत. उत्तर प्रदेशात उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा यांच्या संरक्षणासाठी १९७५ चा अधिनियम आहे. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने उद्यानांची तरतूद हा विषय नगरपालिकांकडे सोपविण्याजोग्या कार्यांत समाविष्ट केला आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगलोरच्या एका प्रकरणात, उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्दबातल ठरविला. परंतु त्या प्रकरणात न्यायालयाकडे गेले ते तेथील रहिवासी होते. जागा आपली आहे असे वाटणारी माणसे होती म्हणून कायदा उपयोगी पडला. ज्या उद्यानाला कोणी आपले म्हणत नाही, त्याच्या वतीने न्यायालयाची पायरी कोण चढणार?

लोकांना एखादी गोष्ट आपली वाटावी कशी, याचे एक मनोरम उत्तर शंभर वर्षांपूर्वी मिळाले आहे. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१६ मध्ये लखनौच्या नगरपालिकेसाठी अहवाल लिहिला. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्यास त्याचा विरोध होता. निपुण शल्यवैद्याप्रमाणे आवश्यक तेवढाच भाग काढावा, मोकळ्या झालेल्या जागेत झाड लावावे आणि ती वस्तीच्या हाती द्यावी, असे तो सांगे. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याआधी, १९१७-१८ च्या सुमारास, होळकरांच्या इंदूर शहरात प्लेगची भीती असताना, त्याने दिवाळीच्या निमित्ताने एक भव्य मिरवणूक काढली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार? जो भाग सर्वांत स्वच्छ असेल त्या रस्त्याने. हे जाहीर होताच आळीआळीत सफाई सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, ती शेवटी जाळण्यात आली. सफाई कामगार शुभ्र वस्त्रांत, हार घालून सन्मानाने चालले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. जे काम हुकमाने झाले नसते, ते अभिमानाने झाले.

उद्यानाचे नावही असेच सुधारते. शासनाने पाणी, प्रकाश, सावली आणि माळी एवढे निश्चयाने द्यावे आणि बाकीच्या जागेचा ताबा साध्या दिवसाला घेऊ द्यावा. यशाची कसोटीही साधीच ठेवावी. किती कारंजी बसली आणि भाड्यापोटी किती रक्कम जमा झाली, हे मोजू नये. कोणताही सण नसलेल्या एखाद्या मंगळवारी, दुपारी आणि दिवेलागणीला, किती स्त्रिया निर्धास्तपणे बसल्या आहेत, किती मुले खेळत आहेत आणि किती वृद्ध झाडाखाली टेकले आहेत, ते मोजावे. हा आकडा वर्षागणिक वाढत असेल तर उद्यानाचे नाव सुधारले असे खुशाल समजावे.

लखनौने बागा लावणारे नवाब पाहिले, बागांतून रस्ते काढणारे अभियंते पाहिले आणि पाटीवरचे नाव बदलणारे स्वराज्यही पाहिले. आता पाळी नागरिकांची आहे. गाव करी ते राव न करी, ही म्हण मराठी असली, तरी तिचा अनुभव गोमतीच्या काठीही तितकाच खरा ठरेल.